हात लावला तर चालेल?

शहरातल्या कुठल्याही सार्वजनिक बागेच्या दाराशी एक पाटी असते. गवतावर चालू नये, फुले तोडू नयेत, झाडावर चढू नये, चेंडू खेळू नये, सायकल आत आणू नये. या पाटीशी माझे फारसे भांडण नाही. रोज हजारो माणसे ज्या हिरवळीवर येतात तिथे प्रत्येकाने एकेक फूल तोडायचे ठरवले, तर आठवड्याभरात बागेचे मैदान होईल, हे मलाही कळते. पण ती पाटी वाचून आत गेलेल्या मुलाला करण्यासारखे काय उरते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. घसरगुंडीच्या रांगेत उभे राहायचे, वर चढायचे, घसरायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. घसरगुंडी घसरण्याची रीत एकच. कोणी उलटे चढू लागले की रखवालदाराची शिट्टी वाजते, आणि खरे तर मुलांना उलटेच चढायचे असते.

पेशवे उद्यानातील फुलराणी १९५६ साली सुरू झाली. पुण्याच्या तीन पिढ्यांनी तिच्यात बसून आईबापांना हात हलवून दाखवला आहे. तो आनंद खोटा नव्हता. पण फुलराणीत मूल प्रवासी असते. गाडी कुठे वळणार, कुठे थांबणार, हे आधीच ठरलेले असते. आपण मुलांसाठी जे जे बांधतो, त्यात बहुधा असेच होते. बांधणाऱ्याने सगळा विचार आधीच करून टाकलेला असतो; मुलाने फक्त बसायचे.

म्हणून यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी पाच मुले घेऊन मी वेताळ टेकडीवर गेले. दोन माझ्या भाचीची, तीन आमच्याच इमारतीतली. सर्वांत मोठा अकरा वर्षांचा, सर्वांत धाकटी पाच वर्षांची. टेकडी काही लांब नाही. कोथरूड, एरंडवणे, गोखलेनगर, पाषाण, कुठूनही एखादी पायवाट वर जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीचा हा माथा शहरातला सर्वांत उंच. पण पायथ्याशी राहणाऱ्यांच्या दृष्टीने तो अगदी गल्लीच्या टोकाशी आहे. पहाटे इथे चालायला येणाऱ्यांची गर्दी असते. कानटोप्या घातलेले आजोबा, हातात काठी घेतलेल्या आजी, तोंडाने मोजत पळणारे तरुण. लहान मुले मात्र त्या मानाने कमी दिसतात. रविवार सकाळ ही मुलांची स्केटिंगची, चित्रकलेची आणि स्कॉलरशिपच्या जादा तासाची वेळ असते ना!

चढणीवरच्या पहिल्या सपाटीला आम्ही थांबलो. तिथे पायवाटेच्या कडेला एक दगड पडला होता, साधा काळा दगड, वर पिवळसर-करड्या दगडफुलाचे ठिपके. भाचीची सात वर्षांची मुलगी त्याच्यापाशी उकिडवी बसली, पाहत राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशीआजी, याला हात लावला तर चालेल?"

मला क्षणभर काही सुचेना. दगडाला हात लावायला परवानगी! पण तिचे काय चुकले? घरात काचेची भांडी, दुकानात माल, बागेत फुले, शाळेत फळा, सगळीकडे तिला हाच प्रश्न विचारायला आपणच शिकवले आहे. पहिल्या अर्ध्या तासात तिने तो प्रश्न काठीबद्दल, वाळलेल्या शेंगेबद्दल आणि चक्क मातीबद्दल विचारला. मी दर वेळी "चालेल" म्हणत राहिले.

मोठ्या मुलाची तऱ्हा वेगळी. त्याने चौफेर नजर टाकून विचारले, "इथे काय आहे?" त्याचे म्हणणे, इथे करायचे काय. मी म्हटले, "काही नाही." त्याने सुस्कारा सोडला आणि तो दगडावर बसून राहिला. हा कंटाळ्याचा काळ मोठ्या माणसांना सर्वांत अवघड जातो. आपला हात लगेच पिशवीकडे जातो. चिवडा काढू या, गाण्याच्या भेंड्या लावू या, "चला, आपण झाडांची नावे ओळखू या." यातले काहीही करायचे नाही, असे मी ठरवून आले होते. घड्याळात बावीस मिनिटे गेली. त्यातली शेवटची दहा माझी मलाच जड झाली.

तेविसाव्या मिनिटाला त्याला सुटका मिळाली ती कुसळातून.

पावसाळ्यात टेकडीभर वाढलेले गवत कार्तिकात पिवळे पडते आणि त्याची कुसळे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मोज्यांत, साडीच्या काठात, कुत्र्याच्या अंगावर जाऊन बसतात. मोज्यातली कुसळे उपटता उपटता त्याच्या लक्षात आले, की प्रत्येकाच्या शेपटीला सुतळीसारखा पीळ आहे. त्याने एक कुसळ तोंडात घालून ओले केले (मी पाहिले न पाहिलेसे केले) आणि तळहातावर ठेवले. ते हळूहळू स्वतःभोवती फिरू लागले. मुलगा ओरडलाच, "हे जिवंत आहे!" पाचही डोकी त्या तळहातावर गोळा झाली.

ते जिवंत असते ते त्या अर्थाने नव्हे. कुसळाच्या शेपटीतले धागे ओलावा मिळाला की फुगतात आणि पीळ सुटतो. वाळले की पीळ पुन्हा बसतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने हे रोज घडते. या पिळण्या-सुटण्यात टोकाचे अणकुचीदार बी स्क्रूसारखे जमिनीत शिरते. त्यावर मागे वळलेली लव असते, म्हणून एकदा शिरलेले बी सहजासहजी बाहेर येत नाही. आपला मोजा म्हणजे त्याच्या दृष्टीने जमीनच. हे मी नंतर सांगितले. आधी मुलांनी कुसळांच्या शर्यती लावल्या. कोणाचे जास्त वेढे घेते, थुंकीने जास्त फिरते की बाटलीतल्या पाण्याने, दोन कुसळे एकत्र बांधली तर काय होते. विज्ञानाच्या प्रयोगवहीत 'साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' लिहिताना जांभया देणारी हीच मुले. इथे चारही गोष्टी त्यांनी केल्या आणि त्यांना नाव कोणी विचारले नाही.

पुढे एका कपारीखाली, जिथे पावसाचे पाणी पोचत नाही, तिथल्या पिठासारख्या मऊ धुळीत नरसाळ्याच्या आकाराचे लहान लहान खड्डे दिसले. त्यांच्या तळाशी धुळीत दडून एक किडा बसलेला असतो. मुंगी काठावर आली की पायाखालची धूळ घसरते, आणि ती वर चढू लागली तर खालून हा धुळीचा मारा करतो. बाहेर काढून ठेवला तर तो पुढे चालत नाही, मागे मागे सरकत पुन्हा धुळीत गडप होतो. हाच पुढे कोष करतो आणि चतुरासारखे चार पंख घेऊन उडून जातो. पाच वर्षांच्या धाकटीने गवताची काडी हळूच खड्ड्याच्या काठावर फिरवली आणि खालून धूळ उडाली तेव्हा ती किंचाळून माझ्या अंगावर आली. मग स्वतःच परत गेली. असे सात-आठ वेळा झाले. घाबरणे, मागे येणे, परत जाणे. या वयाच्या मुलाला भीतीचे माप स्वतःच्या हाताने घ्यायला मिळावे, अशी जागा शहरात किती ठिकाणी असते?

दगडांचे वेड नऊ वर्षांच्या मुलाला लागले. सह्याद्री आणि हे सारे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत पाझरणाऱ्या पाण्याने पांढरे, स्फटिकासारखे खनिज साठवले. म्हणून काळ्या दगडाच्या पोटात पांढरे डोळे दिसतात आणि पायवाटेवर गारगोट्या सापडतात. साडेसहा कोटी हा आकडा ऐकून त्याने विचारले, "मग हा दगड गरम होता तेव्हा डायनासोर होते?" होते, शेवटचे शेवटचे. त्याने तो दगड खिशात टाकला. खरे तर टेकडीवरून काही नेऊ नये. एकेक दगड प्रत्येकाने नेला तरी टेकडी सपाट होणार नाही, असे मी मनाशी म्हटले. मात्र त्याला दोनच गारगोट्या न्यायला सांगितल्या, कारण त्यांचे काम होते. संध्याकाळी दिवा घालवलेल्या न्हाणीघरात पाचही जण दाटीवाटीने उभे राहिले आणि दोन गारगोट्या एकमेकींवर जोराने घासल्या. दगडाच्या आतून उमटल्यासारखा फिकट पिवळा प्रकाश क्षणभर दिसतो आणि जळकट वास येतो. माझ्या लहानपणी हा खेळ येत नाही असे मूल आळीत नव्हते. या पाच जणांच्या आईबापांपैकी दोघांनी तो त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

एका वठलेल्या फांदीखाली सुगरणीचे घरटे पडलेले मिळाले. हंगाम संपलेला, घरटे रिकामे, त्यामुळे उचलायला हरकत नव्हती. ते अर्धवटच होते. हेल्मेटासारखा घुमट आणि मध्ये आडवी दांडी. विणकाम सारे नराचे असते. इथवर विणून झाले की तो मादीला दाखवतो. तिला पसंत पडले तर पुढची खोली आणि नळी पुरी होते, नाही तर घरटे तसेच सोडून नर दुसरे घ्यायला लागतो. इतके करून पक्ष्याला नाव मिळाले सुगरण! आमच्यातल्या दोन मुलींना हा नावाचा अन्याय फार मजेशीर वाटला. घरटे हातोहात फिरले, कोणी डोक्यावर घालून पाहिले, कोणी आत बोट घालून भिंतीला चिकटवलेला मातीचा गोळा शोधला. गवताच्या पात्याला कुठे गाठ आहे ते शोधताना सात वर्षांची पोर तिच्या कामात इतकी गढून गेली होती, की तिचा प्रश्न केव्हा बंद झाला ते तिलाही कळले नसावे.

दुपारकडे कलताना त्यांनी बांधकाम काढले. या टेकड्यांवर वनीकरणात गिरिपुष्प फार लावले गेले. भरभर वाढते, म्हणून लावले, आणि आता आपल्याकडच्या झाडोऱ्याला ते वर येऊ देत नाही, अशी जाणकारांची तक्रार आहे. ती रास्त आहे. पण त्याच्या सरळसोट वाळक्या काटक्या खाली भरपूर पडलेल्या असतात. त्या काटक्यांचा त्यांनी एका खडकाला टेकवून मांडव उभा केला. तो दोनदा कोसळला. तिसऱ्यांदा मोठ्याने बुडाशी दगड रचले आणि तो उभा राहिला. त्याला लगेच नाव मिळाले, "किल्ला".

या शब्दाने मला थबकायला लावले. दिवाळीचा किल्ला ही आपल्या मराठी घरांची अशी खास गोष्ट आहे, की तिच्याकडे आपण 'खेळाची जागा' म्हणून कधी पाहिलेच नाही. वाड्याच्या चौकात, चाळीच्या पायरीशी, बंगल्याच्या कोपऱ्यात मुले माती कालवायची, विटांचे तुकडे आणि पोती घालून डोंगर करायची, बुरूज, तळे, भुयार काढायची, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत शेत उगवायची. त्यात कोणा मोठ्या माणसाचा नकाशा नसे. तळे गळले तर का गळले ते मुलेच शोधत. आता पुठ्ठ्याचे आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले बाजारात मिळतात. ते आणून गॅलरीत ठेवायचे आणि मावळे मांडायचे. किल्ला दिसतो, बांधला मात्र जात नाही.

गंमत अशी, की मातीकाटक्यांच्या या खेळाला पश्चिमेकडच्या लोकांनी शास्त्राचा दर्जा दिला आहे. डेन्मार्कमध्ये सोरेनसन नावाचे एक उद्यानरचनाकार होते. मुलांसाठी त्यांनी सुंदर क्रीडांगणे आखली. पण त्यांच्या लक्षात आले, की मुले ती सोडून अर्धवट बांधकामांत आणि भंगाराच्या ढिगात खेळतात. मग त्यांनी कल्पना मांडली, की भंगाराचेच मैदान का करू नये? १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या कोपनहेगनमध्ये, एमड्रुप या वस्तीत ते सुरू झाले. लाकडाचे तुकडे, विटा, दोऱ्या, माती आणि देखरेखीला एक माणूस. युद्धानंतर, १९४६ साली लेडी ॲलन नावाच्या इंग्रज बाईंनी ते पाहिले आणि लंडनमधल्या बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागांवर अशी मैदाने व्हावीत म्हणून रान उठवले. पुढे १९७१ साली सायमन निकल्सन यांनी त्याला 'सुट्या वस्तूंचा सिद्धांत' म्हटले. जितक्या वस्तू हलवता, जोडता, मोडता येतील तितकी मुलाची कल्पकता चालते, असे त्याचे सार. आज युरोप-अमेरिकेत 'निसर्ग-क्रीडांगण' म्हणून ओंडके, वाळू, पाण्याचा हापसा आणि झुडपे यांची जी मैदाने मुद्दाम घडवली जातात, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

पण आपल्याला तिकडे पाहण्याची गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले आणि १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. माँटेसरीची साधने महाग. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्यांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पाने आणि काड्या आणल्या. बालवाडीत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, तिचे नाव अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. अंगणवाडी हे नाव १९७५ पासून सरकारी योजनेमुळे देशभर झाले. कुरणशाळा मात्र आपण विसरलो. मला वाटते, शहरातल्या मुलांना आज जर कशाची गरज असेल तर ती कुरणशाळेची आहे. फरक एवढाच, की तिथे मुलांना गुरांमुळे शाळेत येता येत नव्हते, आणि इथे शाळेमुळे कुरणात जाता येत नाही.

आता भीतीबद्दल. आम्ही निघताना एका आईने विचारले होते, "काकू, साप असतात ना हो तिथे?" असतात. विंचूही असतात. म्हणून पायात बूट हवेत, बिळात आणि कपारीत हात घालायचा नाही, गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. दगड उलटायचा तर त्याची पलीकडची कड धरून स्वतःकडे उचलायचा, म्हणजे खाली काही असेल तर ते पलीकडच्या बाजूने निघून जाते आणि दगड आपल्या आड राहतो. पाहून झाले की दगड जसा होता तसा ठेवायचा. ते कोणाचे तरी छप्पर असते. गुंजेच्या लालकाळ्या बिया सुंदर दिसतात, पण विषारी असतात, त्या तोंडात जाता कामा नयेत. आणि जुन्या खाणीत साठलेल्या पाण्याच्या काठाला मुलांना एकटे सोडायचे नाही, याला अपवाद नाही. हे सात-आठ नियम मुलांना दहा मिनिटांत समजले, कारण प्रत्येकाला कारण होते. 'असे करू नये' म्हटले की मूल वाद घालते. 'दगडाची पलीकडची कड धर' म्हटले की ते कामाला लागते.

खरचटणे मात्र झाले. मोठ्याच्या गुडघ्याला, धाकटीच्या कोपराला. पाण्याने धुतले आणि खेळ पुढे चालू राहिला. मातीची आपण जितकी धास्ती घेतो तितकी घेण्याचे कारण नाही, असे आता प्रयोगही सांगू लागले आहेत. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या रेती-खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळीचे तुकडे आणून बसवले आणि तीन ते पाच वर्षांची मुले तिथे रोज खेळू लागली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, २८ दिवसांत त्या मुलांच्या त्वचेवरच्या जीवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातल्या रोगप्रतिकाराच्या खुणाही बदलल्या, असे दिसले. डोळ्यांचीही तीच कथा. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात काही शाळांनी लहान मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांत त्या शाळांत जवळपास ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली, इतर शाळांत जवळपास ४० टक्के मुलांना. २०१५ सालची ही गोष्ट. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून गाजराचा रस देणाऱ्या घरांनी हिचा विचार करावा.

टेकडीपुढे मात्र मुलांच्या गुडघ्यांहून मोठी संकटे आहेत. बालभारतीपासून पौड फाट्याकडे टेकडीवरून रस्ता आणि तिच्या पोटातून बोगदे नेण्याच्या योजनांवरून पुण्यात कितीतरी वर्षे वाद झडले. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध नागरिकांचा मोर्चा निघाला, त्यात आजी-आजोबांबरोबर मुलेही होती. ज्या संस्थेचे नाव प्रत्येक मराठी मुलाच्या पाठ्यपुस्तकावर असते, तिचेच नाव या रस्त्याला चिकटावे, हा योगायोगच. वाहतुकीचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. मीही लॉ कॉलेज रस्त्यावर अडकते. पण मला दुसरी धास्तीही वाटते. रस्ता झाला नाही आणि टेकडी 'विकसित' झाली तर? फरशीची वाट, कारंजे, सिमेंटचे हरिण, वाघाच्या तोंडाची कचरापेटी आणि दाराशी ती पाटी. टेकडी नकाशावर शिल्लक राहील, पण तिथे हात लावण्यासारखे काही उरणार नाही.

हे दूरचे बोलणे वाटू नये म्हणून आमच्याच इमारतीचे सांगते. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तशी आमच्याकडेही आहे. तिचा मागचा कोपरा, पाण्याच्या टाकीमागचा, गेली काही वर्षे कोणी साफ केलेला नाही. तिथे एक उंबर आपोआप आला आहे, ड्रेनेजच्या कामातली माती पडून आहे, आणि शाळेतून आल्यावर मुले रंगीत घसरगुंडी सोडून तिथेच असतात. यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव होता, की तो कोपरा पेव्हर ब्लॉक घालून सपाट करावा आणि रबरी फरशीवर खेळण्याचा नवा संच बसवावा. कोटेशनही आले होते. मी टेकडीहून परतले त्याच्या पुढच्याच रविवारी ही सभा होती.

मी उभी राहून बोलले. मुलांना तो कोपरा तसाच राहू द्या, उलट आणखी थोडी माती, छाटणीतले चार ओंडके आणि एक नळ द्या, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर जे आक्षेप आले ते उडवून लावण्यासारखे नव्हते. चिखलाचे पाय लिफ्टमध्ये येतात आणि ती पुसायला बाई एकच. डास होतील. उंबरावर चढून कोणाचा हात मोडला तर जबाबदार कोण? या शेवटच्या प्रश्नावर सभागृहात शांतता पसरली. घसरगुंडीवरूनही हात मोडतो, असे कोणीतरी मागून म्हणाले, पण त्याने समाधान होण्यासारखे नव्हते. ज्येष्ठ सभासदांपैकी एक गृहस्थ, जे एरवी मुलांच्या आरड्याओरड्याबद्दल तक्रारी करतात, ते म्हणाले, "आम्ही लहानपणी वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या खेळायचो. आमच्यातल्या एकाचा हात मोडला होता. त्याला आम्ही जन्मभर थोट्या म्हणत होतो. पण खेळ काही बंद झाला नाही." हे उदाहरण माझ्या बाजूचे होते की विरुद्ध, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. सभेलाही नसावे.

दोन तासांनी तडजोड झाली. दोन तृतीयांश जागेत फरशी आणि नवा संच, उरलेला उंबराखालचा तिसरा हिस्सा एक वर्षासाठी मुलांकडे. उंबराच्या खालच्या फांदीपर्यंतच चढायचे, तिला तांबडी चिंधी बांधली आहे. नळावर पाय धुतल्याशिवाय लिफ्ट नाही. पाळीपाळीने एका पालकाने संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायचे, आणि शक्यतो गप्प बसायचे. ही शेवटची अट मी आग्रहाने घालून घेतली. पहिल्या आठवड्यात तीच सर्वांत जास्त वेळा मोडली. एका बाबांनी तर मुलांना धरणाचा उतार कसा काढावा हे काडीने मातीत आखून दाखवले आणि मुले निमूटपणे उठून घसरगुंडीकडे गेली.

एक ब्रास तांबडी माती पुढच्या महिन्यात यायची आहे. तिचे पैसे मेंटेनन्समधून द्यायचे, की मुले असलेल्या घरांनी वर्गणी काढायची, यावर सध्या वाद चालू आहे.